पॉइंटर कुत्र्याचा ‘पॉइंट’ पक्का करायचा, तोही एकाही पक्ष्याला न छळता

प्रश्न असा आहे: ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहणारा आठ महिन्यांचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. बाल्कनीत कबुतर आलं की पुढचा एक पाय उचलून थिजतो, चार-पाच सेकंदांनी झेप घेतो. मालकांना शिकार करायची नाही, पण ज्या कामासाठी ही जात घडली ते काम त्याच्याकडून नीट करून घ्यायचं आहे. कुणी सांगतं, पिंजऱ्यातले लावे आणून त्यांच्यावर शिकवा. कुणी सांगतं, शहापूरकडे शेतावर न्या आणि तित्तरांमागे सोडा.

दोन्ही करू नका. पॉइंट, म्हणजे पक्ष्याची चाहूल लागताच जागच्या जागी थिजून उभं राहणं, उपजत असतो, तो शिकवावा लागत नाही. शिकवायचं असतं ते पॉइंट धरल्यावर न हलणं, आणि त्यासाठी जिवंत पक्षी लागत नाही. गावठी कोंबडीची पिसं, भाजीवाल्याकडचे चार जाळीदार क्रेट, दहा मीटर दोरी, एक मदतनीस आणि वाऱ्याची जाण एवढ्यावर काम होतं. आणि बाल्कनी आजपासून बंद.

बाल्कनी का, ते आधी. कुठलाही शिकारी प्राणी शोधतो, नजर रोखतो, दबकतो, झेपावतो, पकडतो. पॉइंटर जातींमध्ये निवड करकरून या साखळीतला झेपेआधीचा थांबा लांबवला आहे. तुमचा कुत्रा कबुतर पाहून थांबतो तो डोळ्याने धरलेला पॉइंट. कामाचा पॉइंट नाकाने धरायचा असतो, म्हणजे पक्षी गवतात आहे, दिसत नाही, फक्त वाऱ्यावर वास येतो. डोळ्याची सवय लागलेला कुत्रा वास आला तरी थांबत नाही. ‘दिसतंय का बघू’ म्हणून एकेक पाऊल सरकत जातो. शिवाय बाल्कनीत रोज पंचवीस वेळा तो झेप घेतो आणि कबुतर उडतं, म्हणजे थांबा मोडायचा सराव घरबसल्या चालू आहे. काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून पिल्लाला नाचवण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला दोन-चार वेळा गंमत म्हणून ते ठीक. आठ महिन्यांच्या कुत्र्याला त्याने नुकसानच होतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण शेतावर सोडण्याचा सल्ला देणारे ते सांगत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. पकडणं, हाकलणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, तसा नुसता प्रयत्न करणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला जागाच उरलेली नाही. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यासाठी दंडाची मर्यादा 25 हजारांवरून एक लाखावर नेली. कैद तीन वर्षांपर्यंत. पिंजऱ्यातल्या लाव्याचं म्हणाल, तर तो पाळीव जपानी जातीचा की रानातून फासे लावून धरलेला, हे विकत घेणाऱ्याला सहसा ओळखता येत नाही. पाळीव असला तरी कुत्र्यापुढे बांधून ठेवलेल्या पक्ष्याला होणारा त्रास 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अडकवू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे प्रशिक्षण वाईटच आहे: पिंजऱ्यात वाढलेला लावा धड उडत नाही, कुत्रा एकदा तरी त्याला पकडतो, आणि ‘सरकत गेलं की मिळतं’ हा धडा त्या एका वेळेत पक्का होतो.

आता काम. पहिले तीन-चार आठवडे वासाचा संबंधच नको, फक्त थांबणं. 18 मिमी प्लायची दोन फूट बाय तीन फूट फळी घ्या, वर काथ्याची पायपुसणी ठोका म्हणजे पाय घसरत नाहीत, खाली चारही कडांना दोन इंची पट्ट्या मारा. जमिनीपासून उंच असल्यामुळे पाय खाली पडला की कुत्र्याला स्वतःलाच कळतं. पट्ट्यावर धरून फळीवरून चालत न्या, चारही पाय फळीवर आले की तुम्ही थांबा, पट्टा हलका वर ताणा आणि एकदाच शब्द द्या. ‘थांब’ शक्यतो नको. तो घरात दिवसभर मुलांना, पाहुण्यांना, दूधवाल्याला म्हटला जातो आणि कुत्र्यासाठी त्यात काही उरत नाही. ‘व्हो’ चालेल. दोन सेकंद उभा राहिला की फळीवरच, तोंडाच्या उंचीला, खाऊ द्या. मग बरगडीवर हलकी थाप देऊन पुढे चला. सुटका नेहमी स्पर्शाने, हाक मारून नाही. हाकेने सोडलेला कुत्रा तुमच्या तोंडाकडे बघत हाकेची वाट पाहतो, आणि पुढे ऐन पॉइंटवर मान वळवून तुमच्याकडे बघतो.

एका वेळी आठ-दहा फेऱ्या, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. सोसायटीच्या पोडियमवर किंवा पार्किंगमध्येही होतं. आधी वेळ वाढवा, दोनवरून तीस सेकंदांपर्यंत. मग अंतर: तुम्ही त्याच्याभोवती फिरा, दहा पावलं लांब जा. मग विचलन: चेंडू घरंगळवा, टॉवेल झटका, शेवटी टोपी हवेत फेका. एका दिवशी यातलं एकच वाढवायचं. हलला तर ओरडायचं नाही. उचलून जिथून हलला त्याच जागी परत ठेवायचं. दोन फूट पुढे ठेवलात तर त्याच्या हिशेबात तो दोन फूट जिंकला.

फ्लॅटमधल्या कुत्र्यांची ठरलेली अडचण म्हणजे तो उभा राहण्याऐवजी बसतो. ‘बस’ इतकं घोटलेलं असतं की गोंधळला की बूड टेकवतो. पॉइंटवर बसणं हा दोष आहे. दोन महिने घरात ‘बस’ पूर्ण बंद. बसला तर एक पाऊल पुढे चालवा, उभा राहिल्याशिवाय खाऊ नाही. लिफ्टमध्ये, गेटवर, जेवणाच्या भांड्यापुढे, सगळीकडे उभं राहूनच थांबणं.

फळी सुटली की दोरी. 10 ते 12 मिमी जाडीची, थोडी ताठर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनची. सुती दोरी दव आणि पाणी पिऊन जड होते. मोकळ्या टोकाला गाठ मारू नका, झुडपात अडकते. टोक वितळवून घ्या. रुंद गळपट्टा, फिरती पितळी कडी, तुमच्या हातात मोजे. 28 किलोचा कुत्रा पळाल्यावर उघड्या तळहातातून सरकणारी दोरी कातडं सोलते.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते वाऱ्याकडे, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडतात. वास लपवलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने पसरत, रुंद होत जातो. त्याला आडवा चालणारा कुत्रा या पट्ट्याच्या कडेला शिरला की चालता चालता त्याचं डोकं झटक्यात वाऱ्याकडे वळतं. तो झटका हाच तुमचा इशारा. वाऱ्याच्या तोंडावर सरळ नेलात तर वास हळूहळू वाढत जातो, झटका येत नाही आणि कुत्रा सरकत जातो. म्हणून वासाच्या जागेपासून वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, 15 ते 20 मीटरवरून, आडवं न्यायचं.

ठाणे-नवी मुंबईत हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून, म्हणजे साधारण पूर्वेकडून, आणि तोही मंद असतो. दुपारकडे फिरून खाडी-समुद्राकडून पश्चिमेचा जोरदार येतो. मधल्या तासाभरात तो कुठूनही येतो, तेव्हा सराव करू नका. लहान बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, दर पाच मिनिटांनी चिमूटभर दाबून दिशा पाहा. पावडर जागच्या जागी खाली पडली, तर वास डबक्यासारखा साचलेला आहे आणि कुत्रा त्याच्या अगदी जवळ जाऊन धडकेल. मंद, सलग झुळूक सर्वांत चांगली. इमारतींच्या मध्ये किंवा पारसिकसारख्या डोंगराच्या आडोशाला वारा भोवऱ्यासारखा फिरतो. तिथे कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नसतो. ऊन चढून जमीन तापली की वास वर उचलला जातो, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, उजाडल्यापासून साडेआठपर्यंत. ऑक्टोबरात उगाच घाई नको.

मांडणी अशी. चार जाळीदार क्रेट, प्रत्येक उलटा, वर वीट. एकातच मलमलच्या पिशवीत मूठभर पिसं, बाकी तीन रिकामे, पण हात लावून हाताळलेले. एकच क्रेट ठेवला की कुत्रा पिसांवर नाही, क्रेटवर आणि तुमच्या हाताच्या वासावर पॉइंट धरायला शिकतो आणि कित्येक मालकांना हे महिनोन्महिने कळत नाही. रिकाम्या क्रेटपाशी थांबला तर काही न बोलता चालत राहा. पिसं मांसाच्या दुकानातून, निरोगी गावठी कोंबडीची किंवा बदकाची. सुकवून, झिप पिशवीत घालून फ्रीजरला, हाताळताना मोजे. रानातल्या पक्ष्यांची पिसं गोळा करू नका. कच्चा पंख आणू नका; जंतूंचा धोका आहे आणि बर्ड फ्लूचा विषाणू फ्रीजरमध्ये मरत नाही. पिसांचा वास उतरतो, तीन-चार आठवड्यांनी बदला.

क्रेट बांधाआड किंवा गवताआड, कुत्र्याला दिसणार नाहीत असे. ठेवायला जाताना तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूने वळसा घेऊन जा. ज्या वाटेने नंतर कुत्रा येणार ती तुडवलीत तर तो नाक खाली घालून तुमच्या पावलांचा माग काढत थेट क्रेटवर पोचेल. पंधरा-वीस मिनिटं वास पसरू द्या. मदतनीस बाजूला लपून, हातात पिसं शिवलेली कॅनव्हासची डमी.

कुत्र्याला आडवा आणा, दोरी सैल. डोकं वळलं, शरीर ताठरलं की तुम्ही जागच्या जागी थांबा आणि गप्प राहा. इथे ‘व्हो’ म्हणायचं नाही, शाबासकीही नाही. पॉइंट वासाने धरायचा, तुमच्या आवाजाने नव्हे. दहा सेकंद उभा राहिला तर बाजूने गोल वळसा घेत पुढे जा. मागून सरळ जाऊ नका, तो तुमच्या पावलांच्या दाबाने पुढे ढकलला जातो. क्रेटपाशी जाऊन गवत तुडवा, मदतनीस डमी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उडवेल, कुत्रा उभाच. चार वेळांपैकी तीन वेळा डमी तुम्ही स्वतः उचलून आणा, एकदाच त्याला आणू द्या. उलट, त्याने वास आल्यावर एक जरी पाऊल टाकलं, तर मदतनीस त्याच क्षणी डमी लांब फेकतो, तुम्ही दोरीने थोपवता आणि मुकाट्याने त्याला तिथून घेऊन जाता. पाऊल टाकलं, पक्षी गेला. हा हिशेब कुत्र्याला आठ-दहा वेळांत कळतो; मात्र मदतनिसाचा हात एक सेकंद उशिरा चालला तर कधीच कळत नाही. मदतनीस फोन बघणारा नको.

एका सत्रात जास्तीत जास्त तीन शोध, आठवड्यातून दोन सत्रं. क्रेटपर्यंत त्याला कधीच पोचू देऊ नका. आत मेलेली पिसं आहेत हे कळलं की हुशार कुत्र्याचा रस संपतो. जिवंत पक्ष्याच्या अंगाचा, श्वासाचा जो वास असतो तो पिसांत नाही, आणि परदेशात खऱ्या तित्तरांवर तयार झालेल्या कुत्र्याची धार तुमच्या कुत्र्याला येणार नाही. शिस्त मात्र तितकीच येते.

चुका कशा ओळखायच्या? पॉइंटवर शेपटी हलते, तर त्याला खात्री नाही किंवा तो कंटाळलाय. आठवडाभर विश्रांती, मग वास ताजा आणि अंतर कमी. काहीच नसताना वारंवार पॉइंट धरतो, तर तुम्ही मागे कधीतरी खोट्या पॉइंटला कौतुक केलंय. पॉइंट ढिला आहे, तर मागून दोन्ही हातांनी कमरेला अगदी हलकं पुढे ढकला. चांगला कुत्रा उलटा जोर लावून अधिक ताठ होतो. सगळ्यात वाईट म्हणजे वास आल्यावर मुद्दाम तोंड फिरवून निघून जाणारा कुत्रा. तो वासाजवळ मार खाल्लेला किंवा विजेचा झटका बसलेला असतो, आणि हे दुरुस्त व्हायला वर्ष जातं. म्हणून विजेचा गळपट्टा या टप्प्यावर नकोच, आणि वासाच्या तीस मीटरच्या आत कसलाच राग नको.

वाऱ्याविरुद्ध नागमोडी शोध घेणं यानंतर. तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर सरळ चाला, कुत्रा तुमच्या पुढे डावीकडून उजवीकडे, दोन्ही बाजूंना 20-25 मीटर. टोकाला पोचला की शिट्टीचे दोन छोटे ठोके आणि तुम्ही स्वतः विरुद्ध बाजूला वळा. तो वाऱ्याकडे तोंड करून वळला पाहिजे. तुमच्याकडे मागे वळत असेल तर मधली जमीन सुटते, मग दोरी लांब ठेवून ठोका थोडा आधी द्या.

जागेचं मात्र नीट बघा. येऊर, मानपाडा, नागला बंदर ही बाजू संजय गांधी उद्यानाला लागून आहे. आत कुत्रा न्यायचा नाही आणि कडेलाही पहाटे-संध्याकाळी नको, बिबट्याला कुत्रा सोपा पडतो. कर्नाळा, तुंगारेश्वर, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, सीवूड्सकडची तळी, इथे मोकळा कुत्रा म्हणजे हजारो पक्ष्यांना उठवणं. सिडकोचे मोकळे भूखंड सोयीचे वाटतात, पण मार्चपासून तिथे टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि गवतात तित्तर. त्या महिन्यांत फळीचा सराव घरीच. सगळ्यात उत्तम म्हणजे भातकापणीनंतर मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडची खाचरं, मालकाला विचारून; वाल पेरलेलं खाचर असेल तर पाय ठेवायचा नाही. बांधावर खरा तित्तर लागला आणि कुत्र्याने पॉइंट धरला, तर फोटोचा मोह सोडा, पट्टा लावा आणि उलट दिशेने चालू पडा. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र गाडीत असू द्या. गावच्या कुत्र्यांशी भांडण झालं की हेच आधी विचारतात.

आवाजाबद्दल: दिवाळीत लवंगी माळेला घाबरलेला कुत्रा पुढे शिट्टीलाही बिचकतो. फटाक्यांच्या आठवड्यात घरात, पंखा-टीव्ही चालू ठेवून. आवाजाची सवय नंतर, तो सत्तर मीटरवर मजेत पळत असताना एक टाळी, दुसऱ्या दिवशी ताटली; अंतर आठवड्याआठवड्याने कमी. कान पाडून तुमच्याकडे आला तर दोन पायऱ्या मागे.

पंधरा महिन्यांपर्यंत सायकलमागे पळवणं, जिने उतरवणं टाळा, हाडांची टोकं अजून जुळायची असतात. मऊ जमिनीवर मनाने पळू द्या. उत्तर अमेरिकेतली शिकारी कुत्र्यांची ‘नॅव्हडा’ ही संस्था उपजत गुणांची परीक्षा 16 महिन्यांपर्यंतच घेते. तुमचा कुत्रा त्याच वयात आहे, उशीर झालेला नाही. पळण्याआधी दोन तास आणि नंतर एक तास जेवण नको, खोल छातीच्या जातीत पोट फुगून पिळण्याचा धोका असतो. दर वीस मिनिटांनी पाव लिटरपर्यंत पाणी, घरून नेलेलं. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची लस दरवर्षी. जीभ चमच्यासारखी रुंद होऊन लोंबायला लागली की सराव बंद. हिरड्या लालभडक, चाल अडखळती, ताप 105 फॅरनहाइटच्या वर गेला, तर आधी जागेवरच साधं पाणी अंगभर ओतून वारा घाला, मग दवाखाना. खाचराच्या बांधांत घोणस आणि फुरसं दोन्ही असतात; चावल्यास चिरणं-बांधणं नाही, कुत्र्याला उचलून न्यायचं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन (अँटिव्हेनम) कुठल्या दवाखान्यात ठेवतात हे सराव सुरू करण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

घरी आल्यावर दहा मिनिटं तपासणी, गोचीड आणि कुसळांसाठी. पावसाळा सरल्यापासून डिसेंबरपर्यंत कुसळी गवताचं टोक बोटांच्या पडद्यात शिरतं आणि आतल्या आत सरकत जातं. बोटांमधली प्रत्येक खाच फाकवून, मग काखा, ओठांच्या घड्या आणि कानाच्या आत टॉर्च लावून पाहा. एकच कान सारखा झटकत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कुसळ कानाच्या पडद्यापर्यंत गेलं की भूल देऊन काढावं लागतं.